विश्रांति आणि भग्नावशेष

विश्रांतीला कारण लागतें काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. थकलेल्या माणसानें बसावें, झोपावें, समुद्रावर जाऊन लाटांकडे पाहावें. त्यांत विचारण्यासारखें काय आहे? परंतु हल्लींच्या सुशिक्षित मनुष्याला नुसतें बसण्याची लाज वाटते, असें माझें पुष्कळ वर्षांचें निरीक्षण आहे. सुटी घेतली तरी तिचें कांहीं तरी फल पदरांत पडलें पाहिजे. चार दिवस वाळूवर लोळल्यावर पांचव्या दिवशीं एखादें देऊळ अथवा एखादा पडका वाडा पाहिल्यावांचून आपला वेळ सार्थकीं लागला असें त्याला वाटत नाहीं. ह्या मनोवृत्तीचा ठळक नमुना पाहावयाचा असेल तर मेक्सिको देशाच्या पूर्वेस, युकातान द्वीपकल्पाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर जावें. तेथें जोडप्यांसाठीं ज्या सहली आंखल्या जातात त्यांचा सांचा जवळजवळ ठरलेला आहे: पांच दिवस समुद्र आणि दोन दिवस माया लोकांचे भग्नावशेष.

अमेरिकेंतील मराठी कुटुंबांत ही सहल आतां परिचयाची झाली आहे. ह्यूस्टनहून विमानानें कानकूनला जावयास दोन-सव्वादोन तास पुरतात. माझा एक जुना विद्यार्थी त्या शहरीं असतो. आम्ही उभयतां कांहीं वर्षांपूर्वीं तिकडे जाऊन आलों हें ठाऊक असल्यामुळें बेत कसा करावा असें त्यानें मला विचारलें. त्याला स्वतःला सात दिवस कांहींएक करावयाचें नव्हतें. परंतु त्याच्या पत्नीचें म्हणणें असें कीं, एवढ्या दूर जाऊन केवळ पाण्यांत डुंबून परत येणें बरें दिसत नाहीं, निदान दोन ठिकाणचे अवशेष तरी पाहावे. ‘बरें दिसत नाहीं’ हे तिचे शब्द मला फार बोलके वाटले. अवशेषांची ओढ आहे म्हणून ते पाहावे, असें ती म्हणत नव्हती. समुद्रसुखाचें प्रायश्चित्त म्हणून पाहावे, असा त्याचा अर्थ होता. आणि जें प्रायश्चित्त म्हणून केलें जातें तें मनापासून पाहिलें जात नाहीं, हें कोणत्याहि शिक्षकाला सांगावयास नको.

ही लाज कोठून आली? अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत असें प्रतिपादिलें आहे कीं, आपण उद्योग करतों तो सवड मिळावी म्हणून, जसें युद्ध करतों तें शांतता मिळावी म्हणून. त्याच्या मतें सवड ही उद्योगाची चाकर नव्हे, धनीण होय. इंग्रजींत शाळेला जो शब्द आहे त्याचें मूळहि ग्रीक भाषेंतील सवड ह्याच अर्थाच्या शब्दांत आहे. गेल्या दोन शतकांच्या कारखानदारीनें हें नातें उलटें केलें. आतां विश्रांति घ्यावयाची ती पुन्हां कामावर ताजेंतवानें होऊन जाण्यासाठीं. आणि विश्रांतींतहि कांहीं ज्ञान मिळविलें तर तेवढीच जमेची बाजू. अॅरिस्टॉटलचें म्हणणें मला पटतें. त्याची सवड दासांच्या श्रमांवर उभारलेली होती हें मात्र विसरून चालत नाहीं, आणि युकातानच्या किनाऱ्यावर तर तें विसरणें मुळींच शोभणार नाहीं.

कानकून हें जुनें गांव नव्हेच. परकी चलन मिळविण्याच्या हेतूनें मेक्सिकोच्या सरकारनें नकाशावर जागा हेरून, जवळजवळ निर्मनुष्य अशा वाळूच्या एका पट्टीवर १९७० सालापासून हें शहर उभारावयास घेतलें. १९७४ सालीं तेथील पहिलीं हॉटेलें उघडलीं आणि त्याच वर्षीं किंताना रो ह्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला. आज तेथून दक्षिणेस तुलूमपर्यंत सुमारें १३० किलोमीटर किनाऱ्यावर हॉटेलांच्या वसाहती पसरल्या आहेत. समोर सुमारें १००० किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग आहे. जगांत तिचा क्रमांक दुसरा लागतो. वाळू पांढरी शुभ्र, भर दुपारींहि फारशी न तापणारी. पाणी कांठाशीं हिरवें, पुढें निळें. हें सुख खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. चार दिवस आम्हीं तेथें कांहीं केलें नाहीं आणि त्या चार दिवसांचा मला तिळमात्र पश्चात्ताप नाहीं. कायद्यानें तो सारा किनारा सार्वजनिक आहे. परंतु किनाऱ्यापर्यंत जाणारी वाट पुष्कळदां एखाद्या हॉटेलच्या आवारांतून जाते. ती अडविणारांस दंड करण्याची तरतूद २०२० सालीं करावी लागली, ह्यावरून काय समजावयाचें तें वाचकांनीं समजावें.

आतां अवशेषांकडे वळूं. पडक्या इमारती पाहून मनुष्याला सुख कां होतें, ह्या प्रश्नावर युरोपांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. अठराव्या शतकांत तर इंग्लंडांतील धनिक लोक आपल्या बागांतून मुद्दाम पडक्या बुरुजांचे देखावे बांधवून घेत. कालाचा महिमा, वैभवाची क्षणभंगुरता वगैरे विचार त्या ठिकाणीं सुचतात असें म्हणतात, आणि तें खरेंहि असेल. परंतु मला त्या सुखाचें एक साधें कारण दिसतें. पडलेल्या घराचा धनी आपल्याकडे कांहीं मागावयास येत नाहीं. तो मेलेला असतो. त्याच्याविषयीं हळहळावयास खर्च पडत नाहीं. आपल्या सुटींतील शांततेला जो इतिहास मानवतो तो असा, ज्याचा वारस दारांत उभा नाहीं.

म्हणूनच माया लोक ‘लुप्त झाले’ ही दंतकथा सहलीच्या धंद्याला इतकी सोयीची पडली. दक्षिणेकडील अरण्यांतील मोठमोठीं शहरें इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडूं लागलीं हें खरें. त्याच्या कारणांत दीर्घ अवर्षण हें एक होतें, असें तेथील सरोवरांच्या गाळावरून शास्त्रज्ञ दाखवितात. परंतु शहरें ओस पडणें आणि लोक नष्ट होणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्तरेस चिचेन इत्सा त्यानंतरच भरभराटीस आलें. तुलूम हें तर आणखी अलीकडचें. तेराव्या ते पंधराव्या शतकांत तें संपन्न होतें, आणि १५१८ सालीं ग्रिहाल्वाचीं जहाजें त्या किनाऱ्यानें गेलीं तेव्हां स्पॅनिश खलाशांना तेथें नांदतीं गांवें दिसलीं. तीन बाजूंस तट आणि चौथ्या बाजूस समुद्राचा कडा, अशी त्याची रचना आहे. कड्याच्या पायथ्याशीं लहानशी वाळूची खाडी आहे. होड्या तेथें लागत, आणि मीठ, कोको, काचेसारखा धारदार ज्वालामुखी दगड असा माल उतरे. आज ज्या वाळूचें छायाचित्र घेण्यासाठीं लोक तासन् तास जातात ती वाळू म्हणजे एका बंदराचा धक्का आहे.

पुढील इतिहासहि कोणी आपोआप लुप्त झाल्याचा नाहीं. १२ जुलै १५६२ रोजीं मानी ह्या गांवीं दिएगो दे लांदा नांवाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनें माया लोकांच्या मूर्ति व त्यांच्या लिपींतील पुस्तकें जाळलीं. त्या लिपींतील अवघीं चार पुस्तकें आज जगांत शिल्लक आहेत. दैवदुर्विलास असा कीं, ह्याच लांदानें पुढें युकातानविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांतील अक्षरांच्या तक्त्याचा आधार घेऊन रशियन पंडित यूरी क्नोरोझोव्ह ह्यानें १९५२ सालीं त्या लिपीचें कोडें सोडविण्याची दिशा दाखविली. १८३९ नंतर स्टीफन्स ह्या अमेरिकन प्रवाशानें ह्या प्रदेशाचीं वर्णनें लिहून तीं जगापुढें आणलीं. होंडुरासमधील कोपान हें अख्खें प्राचीन नगर त्यानें ५० डॉलरला विकत घेतलें होतें. त्याच्या पदरीं एक मोठें पुण्य मात्र बांधलें पाहिजे. हे वाडे कोणा परदेशीय जातीनें बांधले नसून आसपास राहणाऱ्या लोकांच्याच पूर्वजांनीं बांधले, हें त्यानें निक्षून सांगितलें. १८४७ सालीं ह्याच लोकांनीं जमीनदारांविरुद्ध शस्त्र उचललें. तें युद्ध १९०१ पर्यंत चाललें, आणि १८७० नंतरच्या दशकांत तुलूमच्या पडक्या देवळांत त्या बंडखोरांच्या क्रुसाची पूजा होत असे. ज्याला आपण अवशेष म्हणतों तें स्थान शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं एका झगडणाऱ्या समाजाचें देवघर होतें.

२०२० च्या मेक्सिकोच्या शिरगणतींत युकातानी माया भाषा बोलणारे सुमारें पावणेआठ लाख लोक नोंदले गेले. हॉटेलांतील अंथरुणें घालणाऱ्या, बागा शिंपणाऱ्या, ताटें उचलणाऱ्या माणसांत ह्या भाषेचीं माणसें पुष्कळ आहेत. आमची खोली झाडावयास येणारी बाई वायादोलीदच्या बाजूच्या खेड्यांतली होती. माझ्या पत्नीला मोडकीं स्पॅनिश वाक्यें जुळवितां येत. तिनें तिला माया भाषेंत आंकडे म्हणावयास सांगितलें. बाईनें टेबलावरचे पेले मोजले: हुम्पेल, कापेल, ओशपेल, कानपेल, आणि पांचव्या पेल्यावर ती सहज स्पॅनिशवर आली. मग हंसून म्हणाली, पुढचे आजीला येत. आतां हीच रीत सर्वत्र आहे असें मागाहून वाचनांत आलें. चारपर्यंत माया, पुढें स्पॅनिश. माया लोकांची गणना विसांवर चाले, आमच्या खेड्यांतील म्हाताऱ्या ‘तीन विसा साठ’ म्हणत तशी. आणि शून्याचें चिन्ह ज्या थोड्या प्राचीन समाजांनीं स्वतंत्रपणें शोधलें त्यांत त्यांची गणना होते. त्या शून्याचें कौतुक करणारीं पाटी-चित्रें प्रत्येक स्थळाच्या दारांत आहेत. पेले मोजणाऱ्या बाईविषयीं तेथें कांहीं लिहिलेलें नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, मग तेथें जाऊंच नये काय? हा आक्षेप मला उथळ वाटतो. न जाण्यानें त्या बाईचें काय हित होणार? आपल्या सदसद्विवेकबुद्धीची शेखी मिरविण्यासाठीं दुसऱ्याची रोजी बुडविणें, ह्याला नीति म्हणावयाचें असेल तर ती फार स्वस्त नीति होय. उलट पक्षीं, आम्ही तेथें पैसे खर्च करतों, तेव्हां आमचें देणें फिटलें, हें म्हणणेंहि तितकेंच अपुरें आहे. चिचेन इत्साची जमीनच मुळीं २०१० पर्यंत एका धनाढ्य घराण्याच्या खासगी मालकीची होती. मग युकातान राज्यानें ती विकत घेतली. तेथील पवित्र मानलेल्या विहिरींतून एडवर्ड थॉम्प्सन ह्या अमेरिकन गृहस्थानें विसाव्या शतकाच्या आरंभीं जे सोन्याचे व हिरव्या दगडाचे जिन्नस उपसून काढले त्यांतील पुष्कळसे हार्वर्डच्या संग्रहालयांत गेले. पैसा येतो तो कोणत्या वाटेनें जातो, हें प्रवेशपत्रिकेवर छापलेलें नसतें.

माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, त्या सांच्यांत दोन निराळीं देणीं एकमेकांत मिसळलीं गेलीं आहेत. विश्रांति हें जोडप्यानें एकमेकांस द्यावयाचें देणें आहे. वर्षभर कचेरी, मुलें, आजारपणें ह्यांत जें बोलणें राहून गेलें तें बोलावें, अथवा न बोलतां जवळ बसावें. त्यासाठीं समुद्र पुरेसा आहे आणि त्याला इतिहासाची शिफारस नको. अवशेषांपुढें मात्र आपण अवधानाचे देणेकरी होतों. तेथें बांधणाऱ्यानें काय बांधलें, कोणी पाडलें, आतां तेथें कोण राहतें हें जाणून घेण्याइतका वेळ व मन दिलें पाहिजे. पहिल्याची भरपाई दुसऱ्यानें होत नाहीं. समुद्राची लाज झांकण्यासाठीं जो पिरॅमिड पाहतो त्याला विश्रांतिहि मिळत नाहीं आणि पिरॅमिडहि दिसत नाहीं. कानकूनहून पहांटे निघालेली मोटार सुमारें २०० किलोमीटर धांवून दहा-साडेदहाला चिचेन इत्साला पोंचते. उन्हांत तासभर उभें राहावयाचें, चार बाजूंच्या प्रत्येकीं ९१ पायऱ्या आणि वरचा एक थर मिळून ३६५ होतात हें ऐकावयाचें, वाटाड्यानें टाळी वाजविली कीं पायऱ्यांतून पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनि कसा येतो ह्याचें नवल करावयाचें आणि परत फिरावयाचें. येतांना नवराबायको एकमेकांशीं बोलत नाहींत. दोघेंहि झोपलेलीं असतात.

गंमत अशी कीं, समुद्र आणि देऊळ ह्यांची सांगड घालणारे पहिले प्रवासी माया लोकच होते. कोसुमेल बेटावर इश्चेल ह्या देवीचें स्थान होतें. प्रसूतीची व चंद्राची ती देवता. तिच्या दर्शनाला बायका दूरदूरच्या गांवांहून पोले ह्या बंदरापर्यंत चालत येत आणि होडीनें खाडी ओलांडीत. तीर्थ ह्या आपल्या शब्दाचा मूळ अर्थ पाण्याचा उतार, ओलांडण्याची जागा, असाच आहे; पोलेला तो तंतोतंत लागूं पडतो. त्या बाईला वाटेंत समुद्राचा वारा गोड लागला नसेल काय? होडी बेटाला लागल्यावर चार बायकांनीं वाळूवर बसून पाय पसरले नसतील काय? पण तिला सुखासाठीं देवीची सबब सांगावी लागत नव्हती, किंवा देवीसाठीं सुखाची. एकाच हेतूच्या पोटांत दोन्ही सामावत. आमचे आजे-पणजे गोकर्णाला जात तेव्हांहि असेंच कांहीं होत असावें. त्यांना सुटी हा शब्दच ठाऊक नव्हता. पोले बंदराच्या जागीं आज इश्कारेत नांवाचें एक भलें मोठें करमणुकीचें उद्यान आहे, आणि तेथें रात्रीं दिव्यांच्या झगमगाटांत माया लोकांचा इतिहास नाचून दाखवितात. तो खेळ पाहून एका दिवसांत दोन्ही देणीं फेडल्यासारखें वाटतें खरें, पण मला तो पाहवला नाहीं.

तो जुना हेतु आपल्याला परत आणतां येणार नाहीं. इश्चेलवर आपली श्रद्धा नाहीं, आणि उसनी आणण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां निदान दोन गोष्टी दोन म्हणून कराव्या. माझ्या विद्यार्थ्याला मीं असेंच कळविलें. समुद्राचे चार दिवस निर्लज्जपणें समुद्राला द्यावे, आणि त्या दिवसांत माहितीपुस्तक उघडूं नये. सारगासम नांवाचें तपकिरी शेवाळ २०११ पासून ह्या समुद्रांत प्रचंड प्रमाणावर येऊं लागलें आहे आणि उन्हाळ्यांत तें किनाऱ्यावर कुजतें. म्हणून डिसेंबर ते मार्च हे महिने निवडावे. मग हॉटेल सोडून वायादोलीदला दोन रात्रीं राहावें. तेथून चिचेन इत्सा ४५ किलोमीटरच्या आंत आहे. सकाळीं आठला दार उघडतांना पोंचतां येतें. दुसरें ठिकाण पाहूंच नये, किंवा पाहावयाचेंच तर कोबा पाहावें. तेथून १०० किलोमीटर लांबीचा पांढऱ्या चुनखडीचा जुना रस्ता याशूनापर्यंत जातो, त्यावर थोडें चालावें. पाण्याच्या नैसर्गिक विहिरींत, ज्यांना तेथें सेनोते म्हणतात, उतरण्यापूर्वीं अंगाला लावलेलें तेल धुवावें. द्वीपकल्पाच्या उत्तर भागांत जमिनीवर नद्या जवळजवळ नाहींत, आणि माणसें जें पाणी पितात तें ह्याच चुनखडीच्या पोटांतलें. तेंच पाणी पुढें प्रवाळांपर्यंत जातें, हॉटेलांचा मैला घेऊन. डिसेंबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या माया रेल्वेनें वायादोलीदला सोयीनें जातां येतें. त्या रेल्वेचे खांब कांहीं ठिकाणीं ह्याच पाण्यावरच्या गुहांत रोवले आहेत, आणि त्यावरून तेथें मोठा वाद झाला. गाडींत बसावें कीं न बसावें हें मीं त्याला सांगितलें नाहीं. तें दोघांनीं मिळून ठरवावें. बेत आंखणें हें कंटाळवाणें काम समजून एकावर सोंपविण्याची रीत आहे. परंतु कोणाला काय पाहावयाचें आहे, कोण कशासाठीं काय सोडावयास तयार आहे, हें त्या दोन संध्याकाळीं जितकें कळतें तितकें पुढील सात दिवसांतहि कळत नाहीं.

आणखी एक गोष्ट मीं लिहिली, ती मार्गदर्शक पुस्तकांच्या उलट आहे. तीं पुस्तकें सांगतात, गर्दीमुळें रविवार टाळावा. मी म्हणतों, रविवारींच जावें. त्या दिवशीं मेक्सिकोच्या नागरिकांस प्राचीन स्थळीं प्रवेश माफ असतो. अंथरुणें घालणाऱ्या माणसांना तेथील कायद्यानें एक वर्षाच्या नोकरीनंतर भरपगारी सुटी २०२२ पर्यंत सहा दिवस मिळे. १ जानेवारी २०२३ पासून ती बारा दिवस झाली. त्यांच्याहि विश्रांतीचा कोणी विचार केला म्हणावयाचा. आम्ही चिचेन इत्साला गेलों तो रविवार होता. आसपासच्या खेड्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें आलीं होतीं. भरतकामाचे पांढरे झगे घातलेल्या म्हाताऱ्या, नवे बूट चावत असलेलीं मुलें, लाकडी मुखवटे विकणारे फेरीवाले आणि त्यांच्याशीं त्यांच्याच भाषेंत घासाघीस करणाऱ्या बायका. पिरॅमिडच्या बाजूला झाडांची थोडी सावली आहे. तेथें एक आजीबाई वहाणा काढून, पिरॅमिडकडे पाठ करून बसल्या होत्या. नातवंडें त्यांचा हात ओढीत होतीं. त्यांनीं हात सोडवून घेतला, कांहींतरी म्हटलें, आणि मुलें त्यांना तेथेंच ठेवून पुढें पळालीं.